परतीची वेळ निघण्याआधी ठरते

धाडसी खेळातून उद्योजकाने काय घ्यावं? आधी डोंगरावरची एक गोष्ट बघू. ३ मे १९९६ च्या दुपारी स्वीडनचा गिर्यारोहक योरान क्रॉप एव्हरेस्टच्या माथ्यापासून साधारण शंभर मीटर खाली होता. आदल्या ऑक्टोबरात तो स्टॉकहोमहून सायकलवर निघाला होता. बाटलीतला ऑक्सिजन नाही, शेर्पांची मदत नाही, सामान स्वतःच्या पाठीवर. माथा तासाभराच्या अंतरावर, पण घड्याळात दोन वाजलेले आणि उतरायला अंगात किती बळ उरेल याचा भरवसा नव्हता. तो मागे वळला. २३ मे रोजी पुन्हा चढला, माथा गाठला आणि धडधाकट खाली आला.

मधल्या काळात, १० मे रोजी, त्याच वाटेवर रॉब हॉल आणि स्कॉट फिशर यांच्या तुकड्या होत्या. दुपारी एकला, फार तर दोनला, जिथे असू तिथून परत फिरायचं असं बोलणं झालेलं होतं. पण हिलरी स्टेपवर, म्हणजे माथ्याच्या थोडं अलीकडच्या उभ्या खडकाळ टप्प्यावर, दोर आधी लावलेले नव्हते, तिथे माणसं खोळंबली. दोन वाजून गेले तरी लोक वर जातच राहिले. हॉलच्या तुकडीतला डग हॅन्सन चारनंतर माथ्यावर पोचला. आदल्या वर्षी त्याला हॉलनेच माथ्याच्या थोडं अलीकडून परत आणलं होतं. संध्याकाळी वादळ आलं. डोंगराच्या दोन्ही अंगांना मिळून आठ जण गेले: हॉल, फिशर, हॅन्सन आणि इतर पाच, त्यातले तिघे उत्तरेकडून चढलेले आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे.

हॉल आणि फिशर नुसते गिर्यारोहक नव्हते, दोघांच्याही मोहिमा चालवणाऱ्या कंपन्या होत्या. हॉलचं गिऱ्हाईक माणशी ६५,००० डॉलर मोजून आलं होतं. म्हणजे धाडसी खेळातून उद्योजकाने काय घ्यावं, हा प्रश्न त्या दिवशी डोंगरावरच उभा होता. आणि त्याचं उत्तर व्यवसायाच्या व्याख्यानांत जे सांगतात त्याच्या बरोबर उलट आहे. 'भीती मारा, उडी घ्या' हे सांगणारे बहुधा उडी न घेणारे असतात. ज्यांचं आयुष्य दोरावर किंवा पॅराशूटवर गेलं ती माणसं आकडे मांडतात, आणि ते आकडे जमिनीवर असताना, पोटात अन्न आणि डोक्यात शुद्ध असताना मांडतात. वर गेल्यावर स्वतःच्या अकलेवर विसंबायचं नाही, हे त्यांचं मुख्य कौशल्य.

दोन वाजताच का?

परत फिरायची वेळ ही अंधश्रद्धा नव्हे, ती वजाबाकी आहे. साउथ कोल, म्हणजे माथ्याआधीच्या शेवटच्या छावणीची खिंड, साधारण ७,९०० मीटरवर आहे. तिथून मध्यरात्रीच्या सुमाराला निघतात. हॉलच्या तुकडीत माणशी ऑक्सिजनच्या तीन बाटल्या होत्या. मिनिटाला २ लिटरने सोडलं तर एक बाटली ५ ते ६ तास पुरते. म्हणजे दुपारी चार-पाचला सगळं संपणार. उतरायला लागणारे तास त्यातून वजा करा, की दोन वाजता वळणं भाग पडतं. माथा किती जवळ दिसतोय हा आकडा या गणितात येतच नाही. त्या दिवशी चुकलं ते इथेच: प्रश्न 'खाली जायला किती उरलंय' असा असायला हवा होता, पण चढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे 'वर जायला किती उरलंय' एवढाच होता.

धंद्यात नेमकं असंच चुकतं. बहुतेक जण बँकेतली शिल्लक भागिले महिन्याची तूट करतात आणि 'अजून इतके महिने आहेत' म्हणतात. हे वर जायचं गणित झालं. खाली यायचं गणित मांडून बघू. समजा, नाशिकजवळ मसाले पॅक करणारं छोटं युनिट आहे. बँकेत १८ लाख, दर महिन्याची तूट सव्वादोन लाख. भागाकार केला की आठ महिने. आता उद्या शटर ओढायचं तर काय काय द्यावं लागेल? कामगारांचा दोन महिन्यांचा पगार, २ लाख ४० हजार. पुरवठादारांची देणी ४ लाख १० हजार. गाळ्याच्या करारात तीन महिने अजून बांधलेले, १ लाख २० हजार. जीएसटी आणि टीडीएसची थकबाकी ८० हजार. मशीन विकलं जाईपर्यंतचे तीन हप्ते, १ लाख ५ हजार. बेरीज ९ लाख ५५ हजार. उरले ८ लाख ४५ हजार, भागिले सव्वादोन. पावणेचार महिने.

आठ आणि पावणेचार यांत जे अंतर आहे त्यातच लोक बुडतात. पाचव्या महिन्यात त्यांना वाटत असतं की अजून तीन महिने आहेत. खरं तर तेव्हा ते पुरवठादाराच्या आणि कामगाराच्या पैशावर चालत असतात.

या हिशेबात दोन गोष्टींना थारा देऊ नका. एक, मशीनची विक्री किंमत. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं राहत नाही तोवर ती शून्य. दुसरी, जुनी येणी. ९० दिवसांपुढची उधारी कागदावर दिसते, उताराला लागल्यावर ती सापडत नाही. तुमची नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल तर लेखी करार असल्यास ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. पण हक्क मागता येणं आणि पैसे खात्यावर पडणं यांत बराच काळ जातो. त्या काळाचा खर्चही आपलाच.

१,८०० फूट

स्कायडायव्हिंगमधली, म्हणजे विमानातून छत्री घेऊन उडी मारण्यातली, शिस्त मला उद्योजकांसाठी सगळ्यात उपयोगी वाटते, कारण तिथे सगळं फुटांत आणि सेकंदांत मोजलेलं आहे.

पोटावर पडताना माणूस ताशी १९० ते २०० किलोमीटर वेगाने खाली येतो. हजार फूट जायला साधारण साडेपाच सेकंद. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नियमांप्रमाणे छत्री उघडायची किमान उंची ठरलेली असते आणि तिच्या खाली आणखी एक ठरलेली असते: निर्णयाची उंची. शिकाऊ माणसासाठी २,५०० फूट, अनुभवी माणसासाठी १,८००. मुख्य छत्री नीट उघडली नाही, दोऱ्या पिळल्या गेल्या, तर या उंचीपर्यंत पाय झाडून पीळ सोडवायचा प्रयत्न करायला मुभा आहे. ती उंची आली की प्रयत्न बंद. उजवीकडची मूठ ओढून मुख्य छत्री तोडायची, मग डावीकडची ओढून राखीव उघडायची. त्याच क्रमाने. मुख्य छत्री न सोडताच राखीव उघडली तर दोन्ही एकमेकींत गुंतण्याचा धोका असतो.

यात लोक का मरतात? छत्री बिघडली म्हणून फारसं नाही. बिघडलेली छत्री दुरुस्त करण्यात इतके गुंगतात की उंचीचं भान सुटतं. 'झालंच, एक झटका आणि दिला की उघडेल.' ही ओळ तुम्ही तोट्यातल्या शाखेबद्दल, चालत नसलेल्या ॲपबद्दल, पैसे थकवणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाबद्दल नक्की ऐकलेली असेल.

क्रम उलटा झाला की काय होतं तेही बघा. तोट्यातली शाखा चालू ठेवून तिच्यासाठी घरची एफडी मोडणारा माणूस मुख्य छत्री न तोडता राखीव उघडत असतो. आधी शाखा बंद करायची, तिचं देणं किती ते नक्की करायचं, आणि मग राखीव पैशाला हात लावायचा. तेवढाच पैसा, पण या क्रमाने तो जास्त पुरतो.

माणूस बेशुद्ध पडला किंवा उंची विसरला तर? त्यासाठी पाठीवरच्या पिशवीत एक छोटं यंत्र असतं. १९९१ पासून विकलं जाणारं सायप्रेस हे त्यातलं सर्वात परिचित. अनुभवी लोकांसाठीचं मॉडेल साधारण ७५० फुटांवर, वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल तर, कोणालाही न विचारता राखीव छत्री मोकळी करतं. अहंकाराला वाव नाही.

धंद्यात असं यंत्र उभं करणं कठीण नाही, फक्त कंटाळवाणं आहे. सगळ्यात सोपं म्हणजे करासाठी दुसरं चालू खातं. १८ टक्के जीएसटी धरून १ लाख १८ हजारांचं बिल वसूल झालं तर त्यातले १८ हजार तुमचे नाहीत. खरेदीवरचं क्रेडिट वजा करून जे भरायचं ते त्याच संध्याकाळी दुसऱ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं चेकबुक, कार्ड, यूपीआय काहीच घेऊ नका. महिन्याच्या २० तारखेला रिटर्न भरताना पैसे तिथेच असतात. ज्यांच्याकडे हे खातं नसतं ते सरकारच्या पैशावर खेळतं भांडवल चालवतात, आणि उशिरावर वर्षाला १८ टक्के व्याज बसतं तेव्हा जागे होतात. दुसरं यंत्र म्हणजे राखीव ठेवीवर दोघांची सही, आणि ती 'दोघांपैकी कोणीही' अशी नव्हे, 'दोघांनी मिळून' अशी. दुसरी सही धंद्यात नसलेल्या माणसाची: वहिनी, मोठी बहीण, जुना मित्र. जो 'कशाला हवेत?' असं मोकळेपणी विचारू शकतो असा.

आणखी एक बारकावा. मुख्य छत्रीची घडी लोक स्वतः घालतात. राखीव छत्रीची घडी परवानाधारक रिगर, म्हणजे छत्र्या तपासणारा तज्ज्ञ, घालतो, आणि अमेरिकेत ती दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा घालावी लागते, वापरली नसली तरी. आपल्याकडे मात्र राखीव म्हणून जे धरलेलं असतं ते कोणी उघडून पाहिलेलं नसतं. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट, म्हणजे लागेल तशी उचलायची कर्जमर्यादा, हे ठळक उदाहरण. मंजुरीपत्रावर २० लाख लिहिलेलं असतं, पण उचलता येणारी रक्कम दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरते: माल अधिक ९० दिवसांच्या आतली येणी, वजा देणी, वजा बँकेचं मार्जिन. विक्री घसरली की येणी घसरतात, येणी घसरली की उचल घसरते. म्हणजे ही राखीव छत्री नेमकी मुख्य छत्री फाटते तेव्हाच लहान होते. तिला राखीव म्हणू नये. सहा महिन्यांतून एकदा सीएसोबत बसून 'विक्री निम्मी झाली तर उचल किती?' हा आकडा काढून ठेवा. तो पाहून पुष्कळांना घाम फुटतो.

एकाच दगडात दोन बोल्ट

सह्याद्रीत चढणारे लोक हे हाताने शिकतात. आपला बेसाल्ट वरून भक्कम दिसतो, पण कितीतरी ठिकाणी थर सुटलेले, दगड हलणारे असतात. अँकर, म्हणजे दोर ज्याला बांधतात तो आधार, कधी एकाच बिंदूवर नसतो, किमान दोन. पण एकाच सुट्या दगडात दोन बोल्ट (खडकात ठोकायच्या लोखंडी खुंट्या) मारले तर ते दोन नव्हेत. दगड निघाला की दोन्ही निघाले.

पुण्याकडचे छोटे कारखानदार यात हमखास अडकतात. 'आम्ही एका गिऱ्हाइकावर अवलंबून नाही, तीन आहेत.' तिन्ही चाकणला, आणि तिघेही शेवटी एकाच वाहन कंपनीला माल देणारे. त्या कंपनीने एक मॉडेल बंद केलं की तीन ऑर्डरी एकाच आठवड्यात जातात. गिऱ्हाइकांची यादी करताना प्रत्येकापुढे 'याचं गिऱ्हाईक कोण' हा रकाना घालून पाहा.

अँकरचीच आणखी एक गोष्ट नवशिक्यांना पटत नाही. दोन बिंदूंकडे जाणाऱ्या पट्ट्यांमधला कोन जितका मोठा, तितका प्रत्येकावरचा भार जास्त. ६० अंशांना प्रत्येकावर साधारण ५८ टक्के, ९० ला ७१, आणि १२० अंशांना प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के. दोन आधार घेतले, पण इतके दूर ताणले की दोघांवरही सगळं वजन. भागीदारीत मी हे नेहमी पाहतो: एक भागीदार पुण्यात उत्पादन पाहतो, दुसरा बंगळुरूत विक्री, दोघांचं रोजचं बोलणं नाही. मग दोघांनाही वाटतं की सगळा धंदा आपण एकट्यानेच ओढतोय, आणि बहुतेक वेळा ते दोघांच्याही बाबतीत खरं असतं.

भीती गेल्यानंतरचा काळ

लोणावळ्याजवळ कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवतात. तिथे आणि जगभरात कुठेही अनुभवी प्रशिक्षक कोणाला जपतात? अगदी नवख्याला तर जपतातच, पण खरी काळजी असते मधल्या टप्प्यातल्या माणसाची. पन्नास-शंभर तास उडून झालेत, सुरुवातीची भीती गेली आहे, आणि अजून काही वाईट घडलेलं नाही. तो आता वरच्या वर्गाचं पंख घेतो. पंखांचे, म्हणजे डोक्यावरच्या कापडी छताचे, ए, बी, सी, डी असे वर्ग असतात. ए वर्गाचं पंख एका बाजूने मिटलं तर बहुधा आपोआप सावरतं, वर जाल तसं सावरायचं काम उडणाऱ्यावर येतं. त्यात तो सकाळ-संध्याकाळची शांत हवा सोडून भर दुपारच्या उसळत्या हवेत उडतो, तेही नव्या डोंगरावरून. प्रत्येक बदल एकेकटा झेपला असता. तिन्ही एकत्र झेपत नाहीत.

म्हणून नियम: एका वेळी एकच गोष्ट नवी. नवं पंख घेतलं तर ओळखीचा डोंगर आणि मऊ हवा. धंद्यातही हाच लावा. नवा माल जुन्या गिऱ्हाइकाला विका, किंवा जुना माल नव्या गावात. नवा माल, नवं गाव, नवा वितरक आणि उसने पैसे असं एकदम केलं, तर फसल्यावर कशामुळे फसलं तेही कळत नाही. अन् चाललं तरी कळत नाही, हे जास्त वाईट.

उड्डाणाआधी पाच गोष्टी तपासतात: हेल्मेट आणि हार्नेसचे पट्टे, दोऱ्या, पंखाचा आकार, वारा, आणि समोरची मोकळी हवा. यात पायाचे पट्टे लावायचे राहिल्याचे अपघात झालेले आहेत, आणि तेही मुरलेल्या उडणाऱ्यांचे. कारण बहुतेकदा क्षुल्लक असतं: तपासणी चालू असताना कोणीतरी हाक मारली, उत्तर दिलं, आणि पुढच्या पायरीवरून सुरुवात झाली. म्हणून मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून. मोठं कोटेशन पाठवताना हेच करा. एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक), दर जीएसटीसह की वगळून, वाहतूक कोणाकडे, पैसे किती दिवसांत, दर किती दिवस कायम. मध्ये फोन आला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. वर्षाच्या ऑर्डरीत 'वाहतूक कोणाकडे' ही एक ओळ राहिली तर सगळा नफा ट्रकवाल्याकडे जातो.

अमेरिकन कडेचढू ॲलेक्स होनोल्डबद्दल थोडंसंच, कारण त्याचं नाव चुकीच्या कारणासाठी घेतलं जातं. ३ जून २०१७ रोजी त्याने योसेमिटीतला एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटरचा कडा दोराविना ३ तास ५६ मिनिटांत चढला. लोक 'दोराविना' एवढंच लक्षात ठेवतात. त्याने तो मार्ग आधी दोर लावून वारंवार चढला होता, अवघड जागांच्या हालचाली हातापायांसकट पाठ केल्या होत्या, आणि आदल्या वर्षी नोव्हेंबरात सुरुवात करूनही, मन घेईना म्हणून, खालच्या टप्प्यावरूनच मागे फिरला होता. कॅमेरेवाले हजर असताना. उद्योजक मात्र सराव करतात तो सादरीकरणाचा, म्हणजे सोप्या भागाचा. पाचशे पेट्यांची पहिली ऑर्डर एका दिवसात पॅक होऊन ट्रकवर चढते का, याची खोटी ऑर्डर लावून रंगीत तालीम कोण करतो?

एक गोष्ट मात्र या लोकांकडून शिकू नये. ते स्वतःचा जीव पणाला लावतात. क्रॉपसारखा शिस्तीचा माणूसही २००२ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कडा चढताना पडून गेला. शिस्तीने धोका कमी होतो, संपत नाही. उद्योजकाच्या दोराला कामगार, पुरवठादार आणि जामीन राहिलेला सासरा बांधलेला असतो. वैयक्तिक जामिनावर सही करताना घरातल्या ज्या माणसाचं घर तारण जातंय, त्याला वर दिलेली वजाबाकी कागदावर दाखवा. तो नाही म्हणाला तर नाही. दोराच्या तुकडीत सगळ्यात कचरणाऱ्याचा शब्द चालतो, आणि त्याला कारण विचारत नाहीत.

आकडा कुठे लिहायचा? मोबाइलमध्ये नको, तिथे तो बदलता येतो. कागदावर तीन ओळी: बँकेत किती रक्कम उरली की थांबायचं, कोणत्या तारखेला काहीही झालं तरी हिशेबाला बसायचं, आणि थांबल्यावर पहिल्या आठवड्यात कोणाला किती द्यायचं. त्याच्या दोन प्रती, एक भागीदाराकडे, एक सीएकडे. आकडा अलीकडे आणायचा असेल तर कधीही आणा. पुढे ढकलायचा असेल तर दोघांची सही लागेल, आणि तीसुद्धा तुमची शिल्लक त्या आकड्याच्या किमान दुप्पट असतानाच. त्याखाली गेल्यावर ढकलायची मुभा नाही, कितीही मोठी ऑर्डर 'येत्या सोमवारी नक्की' असली तरी.